मागणं लिहून ठेवा, म्हणजे उत्तर ओळखता येईल

माझ्या शिलाई मशीनच्या खणात दोन लांब वह्या असतात. एक मापांची, दुसरी प्रार्थनेची. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून प्रार्थनेच्या वहीला मी जाड कापडाचं कव्हर शिवलं आहे. शिवणकाम करायला लागून २४ वर्षं झाली, आणि त्यातली १९ वर्षं ही दुसरी वही ठेवते आहे. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांच्या प्रार्थनासभेत नवीन कोणी यायला लागली, की पाच-सहा आठवड्यांनी सभा संपल्यावर मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, "ताई, देव उत्तर देतो म्हणतात. पण ते उत्तर आलं, हे कळतं कसं?" मग मी तिच्याशेजारी बसते आणि वही उघडते. इथे वही उघडून दाखवता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

प्रश्न अगदी रास्त आहे. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात होता तेव्हा यरुशलेमेत मार्काची आई मरीया हिच्या घरी पुष्कळ जण जमून त्याच्यासाठी प्रार्थना करत होते. पेत्र सुटला, चालत त्या घरापाशी आला आणि दार ठोठावू लागला. रुदा नावाच्या मुलीने त्याचा आवाज ओळखला, आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळाली. आतले लोक काय म्हणाले? "तू वेडी आहेस." (प्रेषितांची कृत्ये १२) ज्याच्यासाठी प्रार्थना चालली होती तो दाराशी उभा होता, आणि प्रार्थना करणाऱ्यांनाच ते पटेना. पहिल्या मंडळीची ही गत, तर आपल्याला उत्तर ओळखता येत नाही यात नवल नाही. ओळखायला शिकावं लागतं.

मागणं मापात लिहा

मापाच्या वहीत मी कधी "बाही बेताची" असं लिहीत नाही. बाहीची लांबी किती, दंडघेर किती, खांदा किती, ते आकडे लिहिते. आकडाच नसेल तर कपडा नीट बसला की नाही हे कशावरून ठरवणार? प्रार्थनेचंही तसंच आहे. "देवा, सगळ्यांचं भलं कर" ही प्रार्थना वाईट नाही, पण तिचं उत्तर आलं की नाही हे कधीच कळणार नाही.

यरीहोबाहेर रस्त्याच्या कडेला बसलेला बार्तीमय आठवा. तो ओरडत होता, "माझ्यावर दया करा." तो आंधळा आहे हे सगळ्यांना दिसत होतं, येशूलाही दिसत होतं. तरी येशूने त्याला जवळ बोलावून विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? तेव्हा तो म्हणाला, मला दिसावं. (मार्क १०) आधीचं मागणं सैल होतं, हे मापाचं. आपण मागायच्या आधीच आपल्याला कशाची गरज आहे हे पित्याला माहीत असतं, असं येशूनेच सांगितलं आहे. म्हणजे वहीतली ओळ देवाला कळावं म्हणून लिहायची नाही. आपण काय मागितलं होतं, हे पुढे आपल्यालाच आठवावं म्हणून लिहायची.

मी वहीचं पान मधोमध उभं दुमडते. डाव्या बाजूला तारीख, कोणासाठी, आणि एका वाक्यात मागणं. त्याखाली आणखी एक ओळ: हे मी का मागते आहे. ही दुसरी ओळ टाळू नका. वाईट हेतूने मागता म्हणून मिळत नाही, असं याकोबाच्या पत्रात सरळ लिहिलं आहे (४:३), आणि आपला हेतू कागदावर उतरेपर्यंत बहुतेक वेळा आपल्यालाच ठाऊक नसतो. एकदा मी लिहिलं, "प्रभू, शाळेच्या गणवेशांचं मोठं काम मला मिळू दे." खाली कारण लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. घरात पैशाची अडचण नव्हती. माझ्याच ओळखीच्या एकीला असं काम मिळालं होतं आणि ते मला सलत होतं. मी ते मागणं खोडलं आणि त्या बाईसाठी आशीर्वाद मागितला. पहिले काही दिवस ते शब्द तोंडातून निघता निघत नव्हते.

पानाची उजवी बाजू कोरी ठेवा. ती भरायची घाई करू नका, त्याबद्दल पुढे सांगते.

आता "तुझी इच्छा असेल तर" या शब्दांबद्दल. कपडा बेतताना आम्ही शिलाईच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतो. त्याला माया म्हणतात. माप नेमकंच घेतलेलं असतं, पण अंगात बदल झाला तर उसवून सैल करता यावं, म्हणून माया. मागण्यातही माया ठेवावी. पण क्रम लक्षात घ्या. क्रूसावर जाण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने आधी स्पष्ट मागितलं, हा प्याला माझ्यापासून दूर कर. त्यानंतर म्हटलं, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आपल्यातले कितीतरी जण "तुझी इच्छा" पहिल्याच वाक्यात म्हणून टाकतात आणि मागायचं राहूनच जातं. नाही मिळालं तर मन दुखू नये म्हणून आपण आधीच अंग चोरतो. नुसती माया सोडून कपडा होत नाही. आधी माप सांगा.

उत्तर कोणकोणत्या रूपात येतं

देवाची उत्तरं तीन, "हो", "नाही" आणि "थांब", असं मंडळीत सर्रास सांगितलं जातं. चुकीचं नाही, पण मला ते पुरत नाही. पवित्र शास्त्र वाचताना दिसतं, की देव पुष्कळदा या तिन्हींत न बसणारं काहीतरी करतो.

एलीया संदेष्ट्याचं बघा. ईजबेल राणीच्या धमकीने तो रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. (१ राजे १९) हे मागणं अगदी नेमकं होतं. देवाने त्यावर हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. त्याला झोपू दिलं, दूताकरवी दोनदा खायला घातलं, होरेब डोंगरापर्यंत चालवलं, आणि तिथे उलट त्यालाच विचारलं, एलीया, तू इथे काय करतोस? मग वारा, भूकंप, अग्नी यांनंतर मंद वाणी ऐकू आली. मग पुढचं काम दिलं, आणि अलीशासारखा सोबती दिला. आणि ज्याने मरण मागितलं होतं तो तर मेलाच नाही, वावटळीतून स्वर्गात घेतला गेला. या उत्तराला तीन खणांपैकी कुठल्या खणात टाकाल?

म्हणून प्रार्थनेनंतरचे पहिले काही दिवस साध्या गोष्टींकडे लक्ष ठेवा. झोप नीट लागली का, एखादा प्रश्न मनातून जात नाही का, कोणी माणूस अचानक भेटला का. हे सगळं उत्तरच असेल असं नाही. पण उत्तराला अशाच वाटेने यायची सवय आहे.

आणि एक रूप असं, की ते आपल्याला नको असतं: उत्तर म्हणून आपल्यालाच काम लागतं. पारसाच्या राजाच्या पदरी असलेल्या नहेम्याने यरुशलेमेची भिंत पडल्याचं ऐकलं तेव्हा किसलेव महिना होता. तो रडला, उपास धरला, प्रार्थना केली. राजाने त्याला "तुझं तोंड का उतरलं आहे?" असं विचारलं तेव्हा नीसान महिना आला होता, म्हणजे मध्ये सुमारे चार महिने गेले. राजाने विचारताच नहेम्याने मनातल्या मनात देवाची प्रार्थना केली आणि तोंड उघडलं. त्याने काय काय मागितलं ते वाचा: रजा, पत्रं, लाकूड. चार महिने नुसता रडत बसलेल्या माणसाला हे असं सुचत नाही. प्रार्थना करता करता त्याच्या मनात काम आकार घेत होतं. भिंत ५२ दिवसांत उभी राहिली, आणि तीही त्याने स्वतः तिथे जाऊन बांधून घेतली.

आमच्या मंडळीतल्या एका आजींचे यजमान वारले तेव्हा मी वहीत लिहिलं, "आजींना संध्याकाळी एकटं वाटतं. प्रभू, त्यांना सोबत दे." तीन दिवस रोज संध्याकाळी हेच मागत होते. चौथ्या दिवशी काजं करत बसले होते, आणि हात चालू असतानाच मनात आलं: संध्याकाळी तू कुठे असतेस? मी इथेच असते, मशीनवर. काजं हातशिलाईची, ती कुठेही बसून करता येतात. त्या दिवसापासून मी माझा डबा आणि काजांचे कपडे घेऊन आजींकडे जाऊन बसू लागले. उजव्या बाजूला लिहिलं, "उत्तर आलं. मीच." म्हणून आता मागणं लिहिलं, की स्वतःला विचारायची सवय लावून घेतली आहे: यातलं माझ्या हातात काय आहे? असेल ते आधी करायचं. मशीनला दोरा न ओवता शिलाईसाठी प्रार्थना करू नये.

उत्तर वाटलं, तर आधी तपासा

इथे माझ्याकडून एक मोठी चूक झाली आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. घरातून काम आवरेना म्हणून मी एका छोट्या गाळ्यासाठी प्रार्थना करत होते. सात महिन्यांनी एका मालकाने तोंडी होकार दिला. त्याच रविवारी मी उपासनेत उभी राहिले आणि साक्ष दिली, प्रभूने मला जागा दिली. सगळ्यांनी हालेलूया म्हटलं. आठ दिवसांत मालकाने ती जागा दुसऱ्याला दिली. माझं नुकसान झालं ते झालं. पण मागच्या बाकावर एक मुलगी बसायची, नुकतीच विश्वासात येऊ लागलेली. ती मला बाहेर गाठून म्हणाली, "ताई, मग देवाने दिलेलं परत घेतलं का?" तिला काय सांगणार? देवाने दिलेलंच नव्हतं. मालक "बघू, हो" म्हणाला होता, आणि त्याच्या "हो"वर मी देवाची सही करून टाकली होती. पुढच्या रविवारी पाळकांना विचारून मी पुन्हा उभी राहिले आणि तेवढंच सांगितलं.

तेव्हापासून उजवी बाजू भरण्याआधी मी चार गोष्टी बघते.

पहिली, हे पवित्र शास्त्रातल्या वचनाशी जुळतं का? खोटं बोलून, कुणाला फसवून, कुणाचा संसार मोडून मिळणारी गोष्ट कितीही प्रार्थना केल्यावर आली तरी ती देवाचं उत्तर नाही. इथे विचार करायला फार वेळ लागू नये.

दुसरी, मनाची शांती. याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण यात लोक फसतात. "मला त्याबद्दल शांती आहे" एवढ्यावर मोठमोठे निर्णय घेतले जातात. सर्व बुद्धिसामर्थ्यापलीकडची शांती देवाकडून येते हे खरं आहे, फिलिप्पैकरांस पत्राच्या ४ थ्या अध्यायात तसं वचनच आहे. पण योना संदेष्टा देवाच्या आज्ञेविरुद्ध पळून जात होता तेव्हा वादळात जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. आणि येशू पित्याच्या इच्छेच्या अगदी मध्यभागी असताना गेथशेमानेत त्याचा जीव कासावीस झाला होता. शांती हवीच, पण एकटी शांती साक्षीदार म्हणून पुरत नाही. उघडलेल्या दारांचंही तेच. योनाला तार्शीशला जाणारं जहाज बंदरात तयार मिळालं होतं. भाडं भरायला पैसेही होते. सगळं जुळून आलं म्हणजे देवानेच जुळवलं, असं नसतं.

तिसरी, दोन जाणती माणसं. पौलाला त्रोवसात रात्री दृष्टान्त झाला, की मासेदोनियाचा एक माणूस विनवतो आहे, इकडे येऊन आम्हांला मदत कर. (प्रेषितांची कृत्ये १६) त्याआधी आशिया प्रांतात वचन सांगायला आत्म्याने त्यांना मना केलं होतं, बिथुनियात जायला निघाले तर तेही दार बंद झालं होतं. पुढच्या वचनात एक बारीक गोष्ट आहे. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, पण देवाने आपल्याला तिकडे बोलावलं आहे हा निष्कर्ष "आम्ही" काढला, असं लिहिलं आहे. पौलासारखा प्रेषितसुद्धा सोबत्यांना धरून निर्णयाला आला. तुम्हाला वाटलेलं उत्तर अशा दोन जणांना सांगा, ज्यांना त्यात काही लाभ नाही आणि जे तुम्हाला "नाही" म्हणायला घाबरत नाहीत.

याच कथेत आणखी एक गोष्ट मला फार आवडते. दृष्टान्तात पुरुष दिसला होता. फिलिप्पैला पोचल्यावर शब्बाथदिवशी ते नदीकाठी गेले, तर तिथे जमल्या होत्या बायका. आणि वचन ऐकून जिचं अंतःकरण प्रभूने उघडलं ती लुदिया, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी. मी कपड्यातली बाई असल्यामुळे असेल, पण हे वाचताना मला दरवेळी ती तिच्या गाठोड्याशेजारी बसलेली दिसते. उत्तर दृष्टान्तातल्या चित्रासारखं दिसलं नाही, तरी ते उत्तरच होतं. म्हणून उत्तराचं चित्र मनात आधीच रंगवून ठेवू नका. मागणं नेमकं असावं, पण ते कोणत्या वाटेने पुरं होईल ते देवावर सोपवावं.

चौथी गोष्ट वेळ. गोष्ट हातात येईपर्यंत आणि त्यानंतरही काही दिवस उजव्या बाजूला फक्त पेन्सिलीने लिहायचं. बोलतानाही फरक ठेवायचा. "मला वाटतं प्रभू असं दाखवत आहे" हे एक वाक्य, आणि "प्रभू म्हणाला" हे वेगळं वाक्य. दुसऱ्याचं वजन फार आहे, ते ऐकणाऱ्याच्या खांद्यावर पडतं.

देवाकडून खूण मिळावी म्हणून गिदोनासारखी रात्री लोकर ठेवू का, असं पुष्कळ जण विचारतात. शास्ते पुस्तकाचा ६ वा अध्याय नीट वाचा. देवाने गिदोनाला काय करायचं ते आधीच स्पष्ट सांगितलं होतं. लोकर ओली कर, मग कोरडी कर, हे त्याने धीर होत नव्हता म्हणून मागितलं, आणि देवाने त्याच्या भित्रेपणाला सांभाळून घेतलं. ही देवाच्या सहनशीलतेची गोष्ट आहे, ती आपल्यासाठी रीत म्हणून सांगितलेली नाही. डोळे मिटून पवित्र शास्त्राचं पान उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आपलं समजायचं, हेही करू नका. अध्याय सलग वाचा. रोजच्या वाचनात एखादं वचन येऊन काळजाला भिडतं, तेव्हा ते आपण शोधलेलं नसतं.

वाट आपल्याच बाजूने अडली असेल तर

महिने लोटले आणि काहीच हलत नसेल, तर स्वतःकडे एकदा बघावं. येशू म्हणतो, प्रार्थना करायला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध तुमचं काही असेल तर त्याची क्षमा करा (मार्क ११:२५). पेत्र तर नवऱ्यांना सांगतो, की बायकोला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांत व्यत्यय येईल.

माझ्याबाबतीत यशयाचा ५८ वा अध्याय खरा ठरला. माझ्याकडे एक मुलगी मदतीला यायची, हूक-बटणं लावायला. एका वर्षी कामाचे पैसे वेळेवर येईनात, म्हणून मी शुक्रवारी उपास धरून प्रार्थना करत होते. आणि त्याच काळात त्या मुलीची दोन महिन्यांची मजुरी मी "गिऱ्हाईकांचे आले की देते" म्हणून थकवली होती. यशयाने लिहिलं आहे, उपासाच्या दिवशीही तुम्ही आपल्या कामगारांना राबवता. मी ते वाचलं आणि पुढे वाचवेना. त्याच दिवशी घरातल्या साठवणीतून तिचे पैसे दिले, आणि उशीर केल्याबद्दल तिची माफी मागितली. पुढे गिऱ्हाईकांचे पैसे आले, पण ते त्यामुळेच आले असं मी म्हणणार नाही. तिची मजुरी तिला मिळायलाच हवी होती, माझी प्रार्थना ऐकली गेली असती किंवा नसती तरीही.

हा तपास फक्त स्वतःचा करायचा. दुसऱ्याच्या दुःखात शिरून "तुमचं काही पाप असेल" असं म्हणायचा अधिकार कोणालाही नाही. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी तसंच विचारलं होतं, आणि येशूने ते साफ नाकारलं.

थांबायचं म्हणजे काय करायचं

उत्पत्तीच्या २५ व्या अध्यायात एकच वचन आहे: रिबका वांझ होती म्हणून इसहाकाने परमेश्वराची विनवणी केली, परमेश्वराने ती ऐकली, आणि ती गरोदर राहिली. वाचायला दहा सेकंद लागतात. पण त्या वचनाच्या आगेमागे इसहाकाची वयं दिली आहेत. लग्नाच्या वेळी ४०, मुलं झाली तेव्हा ६०. त्या एका वचनात २० वर्षं आहेत. आपण साक्षी ऐकतो त्याही अशाच, वीस वर्षं दोन मिनिटांत. ऐकणाऱ्याला वाटतं सगळ्यांना लगेच मिळतं, आपल्यालाच नाही. वहीचा हा मोठा उपयोग आहे: तारखा खोटं बोलत नाहीत. माझ्या वहीत तीन दिवसांत आलेलं उत्तर आहे, तसं अकरा वर्षांनी आलेलंही आहे.

थांबण्याच्या काळात मी दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळी उघडी मागणी वाचते. काही मागणी वाचताना कळतं की आता हे मागायचं कारण उरलं नाही, ती मी बंद करते. काहींचे शब्द बदलतात, तेव्हा जुने न खोडता खाली नवे लिहिते. शब्द कसे बदलत गेले हे मागे वळून बघितलं, की देवाने मधल्या काळात आपल्यावर काय काम केलं ते दिसतं. आणि ज्या दिवशी शब्दच फुटत नाहीत, त्या दिवशी नुसतं बोट त्या ओळीवर ठेवते. अशा वेळी आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो, हे रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात आहे आणि मी त्याचा आधार घेतलेला आहे.

किती दिवस मागत राहायचं? उत्तर येईपर्यंत. एलीयाने पावसासाठी सेवकाला सात वेळा समुद्राकडे बघायला पाठवलं. सहा वेळा काहीच नव्हतं, सातव्या वेळी तळहाताएवढा ढग दिसला. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवलं आणि मग थांबला, कारण त्याला उत्तर मिळालं होतं: "माझी कृपा तुला पुरे आहे." काटा तसाच राहिला. पण पौल कंटाळून थांबला नव्हता, त्याला ऐकू आलं होतं.

"नाही"

माझी आक्का, माझी मोठी बहीण, तिनेच मला सुई धरायला शिकवली. तिला कर्करोग झाला. डाव्या बाजूला मी लिहिलं, "प्रभू, आक्काला पूर्ण बरी कर." कारणाच्या ओळीत लिहिलं, "ती मला हवी आहे." आम्ही बायकांनी ४० दिवसांचा आळीपाळीने उपास धरला, रोज एकीचा. आक्काची बोटं इतकी बारीक झाली होती, की तिचा अंगुस्ताना, शिवताना बोटात घालायची टोपी, बोटात राहीना. तरी ती तो उशाशी ठेवायची. ३७ व्या दिवशी ती गेली.

उरलेल्या तीन दिवसांचं काय करायचं हे कोणालाच कळेना. मग ज्या तिघींचे ते दिवस होते त्यांनी ठरवून उपास धरला. त्यातली एक मला म्हणाली, "हे तीन तुझ्यासाठी." कोणी मला वचन सांगितलं नाही, कोणी कारण सांगितलं नाही. माझ्या आयुष्यात मंडळी मला याहून जवळची कधी वाटली नाही.

पेत्राच्या सुटकेची गोष्ट मी वर सांगितली. ती ज्या अध्यायात आहे त्याच्याच दुसऱ्या वचनात हेरोद राजाने येशूचा शिष्य, योहानाचा भाऊ याकोब याला तरवारीने मारल्याचं लिहिलं आहे. एकच वचन. याकोबासाठी मंडळीने प्रार्थना केली नसेल असं मला वाटत नाही. एक सुटला, एक मारला गेला. हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या आणि कारण लिहिलं नाही. आक्का गेल्यावर या न लिहिलेल्या कारणाने मला जेवढा धीर दिला तेवढा कुठल्या स्पष्टीकरणाने दिला नाही.

म्हणून "नाही" आलं असेल, तर कृपा करून कारण शोधून उजवी बाजू भरू नका. "यापेक्षा काही चांगलं देवाला द्यायचं असेल" असं दुसऱ्यांनाही सांगू नका, आणि "विश्वास कमी पडला" हे तर कधीच नको. रडायचं असेल तर स्तोत्र ८८ मोठ्याने वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी उजाडत नाही, तरी ते देवाला उद्देशूनच आहे. देवापाशी रडणं हीही प्रार्थनाच आहे. आक्काच्या ओळीपुढे मी फक्त तारीख लिहिली आहे. पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे आणि तिला पूर्ण बरी झालेली मी बघणार आहे, पण ते उत्तराच्या जागी लिहिलं नाही. मी जे मागितलं होतं ते तसं नव्हतं, आणि वहीत मी खोटं लिहीत नाही. तिचा अंगुस्ताना मी वापरते. माझ्या बोटाला तो किंचित सैल होतो.

एक उघडी ओळ

मोनिकाची गोष्ट मी पुष्कळ आयांना सांगते. तिचा मुलगा ऑगस्टीन विश्वासापासून दूर गेला होता. तो समुद्रापार रोमला निघाला तेव्हा ती रात्रभर रडून प्रार्थना करत होती, त्याला जाऊ देऊ नकोस. तो तिच्याशी खोटं बोलून त्याच रात्री निघून गेला. त्या रात्रीची प्रार्थना फुकट गेली असंच कोणीही म्हणेल. पण त्याच वाटेने तो पुढे मिलानला पोचला, तिथे बिशप अँब्रोजचं बोलणं त्याच्या कानावर पडलं, आणि ३८७ साली त्याचा बाप्तिस्मा झाला. मोनिका तेव्हा तिथे होती. पुढे त्याने स्वतःच लिहिलं, की आईने त्या रात्री मागितलेलं देवाने दिलं नाही, ते तिने नेहमी मागितलेलं द्यावं म्हणून.

माझ्या वहीतली सगळ्यात जुनी उघडी ओळ माझ्या मुलाची आहे. १४ वर्षं झाली. तो दुसऱ्या शहरात असतो, उपासनेला जात नाही, त्या विषयावर बोलत नाही. "प्रभू, तो तुझ्याकडे परत यावा." शब्द तीनदा बदलले. आधी "मंडळीत परत यावा" होतं, मग "माझं ऐकावं" असं काहीतरी होतं, ते मी नंतर वाचून लाजले.

परवा रात्री त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, आणि ठेवताना म्हणाला, "आई, तू अजून त्या कापडाच्या कव्हरच्या वहीत लिहितेस का?" मी हो म्हटलं. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला.

हे मी उजव्या बाजूला लिहिलेलं नाही. डावीकडे, त्याच्याच ओळीखाली, पेन्सिलीने तारीख टाकून त्याचा प्रश्न जसाच्या तसा लिहून ठेवला आहे.